जुडीच्या आतली मेथी

मेडशीजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. जुडी बांधायची रीत ठरलेली: हिरवीगार पानं बाहेर, पिवळी आत. यात मी लहानपणापासून पटाईत. तरीही वाशिमला एम.एस्सी.ला गेल्यावर मोबाइलमधल्या सगळ्या जुड्या मी बाहेरूनच पाहत बसले, याची मला अजून चीड येते.

वर्गातल्या मुलींच्या रील्स बघायची. कुणाची सहल, कुणाला नोकरी. बघून झालं की हॉस्टेलच्या खोलीत पडून राहायची. जेवण जाईना, तास बुडायला लागले. दिवाळीनंतर कॉलेजात परत यायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि रोज सकाळी मात्र केस विंचरून एक हसरा फोटो स्टेटसला ठेवायची. आपणही मागे नाही, हे लोकांना दिसायला नको?

त्यात घरून येणारे फोन कमी कमी होत बंद झाले. म्हटलं, झालं, आता घरच्यांनाही मी नकोशी झाले.

दिवाळीला घरी गेले आणि आईसोबत जुड्या बांधायला बसले. राहवलं नाही. विचारलं, "काहून व माय, तू मले फोन काहून करत नाहीस?"

"आता कायले करू? दादाच्या मोबाइलवर रोज तुहा फोटो पाह्यतो. हसून राह्यली असते तू. म्हनलं, पोरगी मजेत हाये, कायले अभ्यासात खोळंबा करा!"

मला रडूच कोसळलं. हुंदके देत सगळं सांगितलं, कॉलेज सोडायचंय तेही. आईने हातातली मेथी खाली ठेवली, माझं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. मग म्हणाली, "अन् त्या पोरी व? त्याइले कोनी इचारते का?"

 इतके महिने त्यांच्यावर जळले होते, पण एकीशीही धड बोलले नव्हते.

सुटी संपल्यावर परत गेले, ती त्यांना एवढं विचारण्यासाठीच. सगळ्यात जास्त रील्स टाकणारी मुलगी माझ्या शेजारच्याच खोलीत राहायची. तिचं दार वाजवलं आणि विचारलं, "जेवली का?"

 ती डोळे पुसत म्हणाली, "घरून कोणी असं विचारून किती महिने झाले."

त्या दिवशी आम्ही दोघी मेसमध्ये जेवलो, आणि दुसऱ्या दिवशी तासाला गेलो.