न गोठणारं रीळ

आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एका सज्जन माणसाच्या गळाला बर्फाखालून लागलेला आयुष्यातला एकमेव मासा मी पळवला, आणि तोही तळ्यावर न जाता, मुऐदर वस्तीतल्या आमच्या खोलीत बसून. आता हा सज्जन कोण? तर अख्ख्या कतारमध्ये, जिथं माणसं उन्हाला भितात तिथं, चोवीस तास बर्फाची काळजी वाहणारा तो एकटाच माणूस होता. खोलीत आम्ही सहाजण. मी साताऱ्याकडचा ड्रायव्हर, आणि ते मालवणकडचे, कोल्ड स्टोरेजमधले मेकॅनिक. वयानं मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. उणे वीस डिग्रीतून थेट भट्टीसारख्या दुपारी बाहेर पडायचं आणि डोक्यावरची माकडटोपी न काढता बसची वाट बघत उभं राहायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळं सर्दी बारमाही. नाक कायम बंद. हे नाक पुढं या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे.

त्यांच्या कंपनीत कॉम्प्रेसर बसवायला फिनलंडचा एक इंजिनियर आला आणि त्यानं मोबाईलवर दाखवलं की त्यांच्याकडं लोक गोठलेल्या तळ्याला गिरमिटानं भोक पाडून मासे धरतात. झालं! दादांना वेड लागलं ते मासे धरायचं नव्हे. मासे त्यांनी लहानपणीच भरपूर धरलेले. त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच होता: एवढ्या थंडीत गळाचं रीळ गोठत कसं नाही? इंजिनियर म्हणाला, "गोठतं की! आमचंही गोठतं." मग काय, दादांनी ते मनावरच घेतलं. रीळ आणलं, वीतभर काठीचा गळ केला, आणि ड्यूटी संपली की पंधरा मिनिटं कोल्ड स्टोरेजमध्ये बादलीत दोरी सोडून बसायला लागले. त्यांचा मल्याळी सुपरवायझर एकदा चक्रावून म्हणाला, "भाई, ये क्या चल रहा है?" "सर, टेस्टिंग." "किसका?" "मछली पकडने का." त्यानं मागच्या गोठवलेल्या शेरी माशाच्या खोक्यांकडं बघितलं, बादलीकडं बघितलं, आणि "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, म्हणत निघून गेला.

मला तर त्यांचं शास्त्र कधीच कळलं नाही. रिळातलं जाड ग्रीस पुसून पातळ तेल घालायचं. दोरीच्या कड्यांना व्हॅसलीन लावायचं. गिरमिटाचं पातं कोरडं केल्याशिवाय म्यान करायचं नाही. भोकावर साय धरल्यासारखा बर्फ धरतो, तो काढायला वहिनींनी गावाहून पाठवलेला पुरीचा झारा. (पुऱ्या आम्ही चमच्यानं काढायच्या.) बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' लिहिलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या प्रत्येकानं त्यांच्याकडं जमा करायच्या, रिळाच्या डब्यात टाकायला. मी नवे बूट आणले तर पायांकडं न बघता हात पुढं! "लोखंडाक थंडी वाजत नाय रे," ते समजावायचे, "पाण्याक वाजता. आत पाणीच रवला नाय, तर गोठतला काय?" आणि खरंच, दोन वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचं रीळ उणे वीसमध्ये भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. इंजिनियरनं पाठवलेलं खास तेल त्यात होतं. पाण्यासारखं स्वच्छ, एवढीशी बाटली. ती स्वयंपाकघराच्या फळीवर, देवासारखी.

अशात कंपनीनं दादांना ट्रेनिंगला फिनलंडला पाठवायचं ठरवलं. आठवडाभर. मार्चअखेर असला तरी तिथल्या उत्तरेकडच्या भागातली तळी गोठलेलीच असणार होती, आणि सुट्टीच्या दिवशी इंजिनियर त्यांना तळ्यावर नेणार होता. निघायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी आमच्या न्हाणीचं दार करकरत होतं. मला वाटलं, एक थेंब घेतला तर काय बिघडतं? बिजागरीवर बाटली तिरकी केली, बूच निसटलं, आणि सगळं तेल जाळीतून खलास. मी घाबरलो. का घाबरलो, हे मला आजही सांगता येत नाही. ते ओरडले नसते. पण मी बाटली धुतली, पुसली आणि तीत माझं डोक्याला लावायचं खोबरेल भरलं. दिसायला अगदी तसंच. दुपारी दादांनी बाटली हातात घेऊन विचारलं, "हलवल्यान रे कोणी?" मी म्हणालो, "छे! जाग्यावरच आहे की." वास त्यांना येणार नव्हता. त्यांनी मन लावून रिळात शेवटचं तेल घातलं.

खोबरेल थंडीत दगड होतं हे मला माहीत नव्हतं का? गावाकडं हिवाळ्यात बाटली चुलीजवळ ठेवून मोठा झालेला माणूस मी. पण पंधरा वर्षांच्या कतारनं ते पार विसरायला लावलं होतं.

दादा परत आले. मासा लागला होता, चांगला हातभर. रीळ फिरेना. हातानं दोरी ओढली, बोट कापलं, दोरी तुटली. "माझाच चुकला," पट्टी बांधलेल्या बोटाकडं बघत ते म्हणाले. "हाटेलातल्या उबेतसून एकदम भायर काढलंय. आत दव धरला असतला." मी चहा ओतत होतो. ओतत राहिलो.

त्यानंतर बादली बंद झाली. पुड्या कुणी दिल्या तर नको म्हणायचे. कोल्ड स्टोरेजचं दार लावून बसपर्यंत आले की परत जाऊन ओढून बघायचे; स्वतःच्या हातावरचा विश्वासच गेला त्यांचा. गेल्या वर्षी कायमचे गावी गेले, तेव्हा ते रीळ मलाच दिलं. "तू धर. तुका सांभाळूक येता." एसीत मी ते उघडलं. आतल्या चाकांच्या दातांमध्ये पांढरं खोबरेल बसलं होतं.

महिन्याला त्यांचा फोन येतो. वहिनींची गुडघेदुखी, आंबा, पाऊस, आणि शेवटी हमखास, "रीळ फिरता मां रे?" मी म्हणतो, "फिरतं, दादा."

मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: तुमचं काही चुकलं नव्हतं, तेल मी बदललं होतं.