आतून धुरकट हेडलाइट

निवृत्त बसचालकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याची जुनी स्पोर्ट्स कार मेहुण्याने सांभाळली. मेहुण्याकडेही तसलीच गाडी होती. कार परत आली ती पिवळट, धुरकट हेडलाइट घेऊन. चालकाने ते पॉलिश पेपरने घासघास घासले, पण धुरकटपणा आतून होता आणि स्क्रू नवेकोरे होते. हे आपले हेडलाइट नव्हेत!

त्याने मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, तुम्ही आता कुठे गाडी पळवणार? तुमचे मी माझ्या गाडीला बसवले," मेहुणा हसला.

बायको शेजारीच उभी होती. "मला ठाऊक होतं. तुम्हाला त्रास नको, म्हणून बोलले नाही मी," ती खाली बघत म्हणाली.

मेहुण्याचं सोडा, हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी लंगडत मेहुण्याकडे जाऊन त्याने आपले हेडलाइट सोडवून आणले. बायकोने कसे आणले विचारलं, तर तो ग्रीसने माखलेले हात धूत राहिला.