चिंचेपाशी उतरवणाऱ्या लिंका

परभणीहून नोकरीसाठी आलो आणि खोली शोधत पुण्याजवळच्या माण गावात शेडगेबाईंच्या दारात उभा राहिलो, तीच आमची पहिली ओळख. बाई पौडच्या शाळेत गणित शिकवत. नोकरी कुठं, घरी कोण कोण, काही विचारलं नाही. "संगणकावर सूत्रं नीट उमटवता येत्यात का तुला?" एवढंच विचारलं. येतात म्हणालो आणि अडकलो. अजून सुटलेलो नाही.

दहावीचं गणित मराठीत समजावणारं, कुणालाही फुकट वाचता येईल असं एक विकी, म्हणजे विकिपीडियासारखं संकेतस्थळ, बाईंनी एकहाती उभं केलं होतं. पानं लांबलचक आणि मथळ्यामथळ्यात सूत्र. पण सूत्रं सूत्रासारखी दिसतच नव्हती, नुसती तिरक्या रेघांची आणि महिरपी कंसांची खिचडी. एका सुट्टीच्या दिवशी बसून मी सगळे मथळे दुरुस्त केले. वर्गमूळ वर्गमुळासारखं दिसू लागलं. बाईंनी थालीपीठ वाढलं. मी खूश.

दुसऱ्याच दिवशी रेश्माचा फोन आला. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. लग्नात शाळा सुटली, आता आयटी पार्कात गेटवर सुरक्षारक्षक. बाहेरून दहावीला बसत होती, गणितात एकदा आपटली होती. बाईंनी पाठवलेल्या, थेट त्या त्या मथळ्यापाशी नेणाऱ्या लिंकांवरूनच जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर अभ्यास करायची.

"बाई, लिंक दाबली की पानाच्या वरच्या टोकालाच जातंय. मधलं गणित घावतच न्हाई. ऱ्हाऊ द्या, न्हाई बसत मी परीक्षेला."

मथळा बदलला की त्याचा आतला पत्ता बदलतो, आणि जुनी लिंक वाचकाला पानाच्या सुरुवातीला सोडून मोकळी होते. नव्या लिंका पाठवू, मी म्हणालो.

"कुणाकुणाला धाडशील? त्या हातोहात कुटं कुटं गेल्यात," बाई म्हणाल्या. "आपल्या हितली चिंच तोडून किती वर्सं झाली, तरी लोकं बसमधनं चिंचेपाशीच उतरत्यात न्हवं? मथळा बदल, पर जुनं नाव हितंच ऱ्हाऊ दे."

म्हणणं बरोबर होतं, काम मात्र जीव काढणारं. प्रत्येक मथळ्यावर साध्या शब्दांतली कायमची खूण रोवायची, तिच्यात सूत्र येऊ द्यायचं नाही, शेजारी जुना पत्ताही जपायचा. मी कुरकुरलो, चिडलो, एकदा लॅपटॉप मिटून उठलोही. बाई चहा टाकत आणि "पुढचा मथळा" म्हणत समोर बसत. प्रत्येक लिंक त्यांनी स्वतः दाबून पाहिली. मधूनच रेश्माला फोन व्हायचा, "माघार घ्यायची न्हाई, सांगून ठेवते."

रेश्माने पौडला गणिताचा पेपर दिला तेव्हा बाई केंद्राबाहेर उन्हात थांबल्या होत्या. ती पास झाली. फोनवर रडत होती. "आता बारावी," एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लिहिताना त्यांना एकच सांगणं आहे. बाई, तुमचे डोळे आणि गुडघे शंभरीपर्यंत शाबूत राहोत आणि आम्हाला असंच कामाला जुंपत राहा. तुमच्या जुन्या घराच्या जागी आता इमारत उभी राहते आहे, पत्ता बदलेल, दाराला नंबर येईल. तो आम्ही काही लक्षात ठेवणार नाही. रेश्मा आणि मी चिंचेपाशी उतरू आणि येऊ.