आठ फुटांवरच्या अक्षता

"कुठून निघालं, कुठवर चढलं, कुठं टेकलं?"

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्का हे विचारायच्या आणि बोटानं हवेत एक कमान काढायच्या. बाई कानडी, सगळा जन्म जयनगरात, त्यातली बरीच वर्षं शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. गच्चीवरच्या पाइपाचं पाणी असो की माझा रक्तदाब, प्रश्न हेच तीन. रक्तदाब अजून टेकलेला नाही, हे सांगायची मला लाज वाटे.

माझं गणित दहावीतच टेकलं होतं. एकच वर्गसमीकरण तीन तऱ्हांनी का लिहायचं, हे कधी कळलंच नाही. अक्का म्हणाल्या, "अण्णा, साडी बदलली म्हणून बाई बदलते का? बाजाराला एक, लग्नाला एक. कळून काय घ्यायचंय, त्यावर ठरवायचं."

लेकीचं लग्न ठरलं आणि माझ्या आईनं एकच हट्ट धरला. "माझ्या अक्षता नातीच्या डोक्यावरच पडल्या पाहिजेत." आई चाकाच्या खुर्चीत, आणि हॉलच्या मंचाला पायऱ्या. उचलून न्यायचं म्हटलं तर म्हणे, "मी काय रुखवत आहे?"

अक्कांनी आमच्या पॅसेजमध्ये सराव लावला. प्रत्येक फरशी एक फुटाची. आईचा हात जमिनीपासून तीन फुटांवर. तांदूळ दोन फूट पुढं जाईतो चार फुटांवर चढले आणि सहाव्या फरशीच्या कडेला टेकले. अक्कांनी तिथंच खडूनं समीकरण लिहून मुळं काढली, म्हणजे कमान जमिनीला टेकते त्या जागा. "सहा आणि उणे दोन."

"उणे दोन कुठं?" मी विचारलं.

"खुर्चीच्या मागं दोन फूट. तिथं तुम्ही उभे आहात. ते उत्तर आपण सोडून देऊ."

आई इतकी हसली, की मुठीतले उरलेले तांदूळ माझ्याच टकलावर पडले.

पण चढाई चार फुटांपर्यंतच, आणि मंचावरच्या नवरीचं डोकं सात फुटांवर. आईचा चेहरा उतरला. अक्कांनी बोटानं हवेतली कमान पुन्हा एकदा काढली. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. चढत नाही ना? मग वरूनच निघू दे."

मंचाच्या बाजूला जेवणाच्या मजल्याची गॅलरी होती, आणि तिथवर लिफ्ट. अक्का टेप घेऊन हॉलवर. "वक्र तोच. फक्त शिरोबिंदू, म्हणजे कमानीचा माथा, आता नवरीच्या डोक्याच्या नऊ फूट वर. नवाचं वर्गमूळ तीन, त्याची दुप्पट सहा, त्यात चढतानाचे दोन. आठ!" गॅलरीपासून आठ फुटांवर मंचावर खडूची फुली पडली. पाट तिथं सरकले. भटजी कुरकुरले.

"मुहूर्त तुमचा, जागा माझी," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "एकच गोष्ट मी हिशेबात धरलेली नाही. वारा. पंखे बंद."

शेवटच्या 'सावधान'ला आईनं गॅलरीतून मूठ उघडली. दाणे थेट लेकीच्या केसांत. लेकीनं वर पाहिलं, आणि माझी आई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "टेकलं!"

अक्का गेल्या वर्षी गेल्या. आम्ही अल्बम उघडला, तर एकाही फोटोत त्या नाहीत. व्हिडिओत मात्र कोपऱ्यात दिसतं: घामानं निथळणारा एक टकलू हळूच पंख्याच्या बटणाकडे हात नेतो, आणि बाजूनं एक हात येऊन त्याला सणसणीत चापट मारतो. तो टकलू मी. सिल्कच्या झब्ब्याच्या बाहीवर खडूची पाच बोटं.

झब्बा अजून धुतलेला नाही.