अधिक महिन्यातलं वाण

आमच्या घराण्यात जावई कधी पडत नाहीत, लेकी पडतात. आणि त्याही न्हाणीतच. नाचणगावला ताईकडे तिची लेक, म्हणजे माझी भाची, आली ती उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून, तेव्हा शेजारणीने विचारायच्या आतच ताईने सांगून टाकलं, "न्हानीत पाय सरकला तिचा." मीही मामा या नात्याने ओल्या फरशीचे दोन किस्से जोडले. घरात माझ्याकडे एवढंच काम असतं.

भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मामा, नवऱ्यानं हात पिरगाळला. मी आर्वीले वापस जाणार नाई." आम्ही ऐकून घेतलं आणि चहा ठेवला.

कारण अधिक महिना लागला होता. या धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालायचं, त्याचे पाय धुवायचे, वाण द्यायचं. ताईने चांदीचा दिवाही आणून ठेवला होता. "त्याले नाई बोलावलं त लोक काय म्हनतीन? अन् वाण राह्यलं त दोष लागते," असं ती अनारशाचं पीठ मळता मळता म्हणाली. तेव्हा ठरलं की रविवारी तो येईल, जेवेल आणि जाताना हिला सोबत नेईल. मनगट मोडणाऱ्याचे पाय धुवायचे, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पाणी कोमट असावं की गार, एवढाच वाद झाला. तोही मीच काढला.

भाचीने गुपचूप समुपदेशन केंद्रात फोन केला. शनिवारी तिथल्या बाई आल्या. मला वाटलं, आता कायदा, पोलीस, भाषण. म्हणून मी दारातच घराण्याच्या अब्रूवर सुरुवात केली. "दादा, जरा पानी देता का?" त्या म्हणाल्या. मी पाणी घेऊन आलो, तोवर त्या आतल्या खोलीत भाचीशी एकटीशी बोलत होत्या. दवाखान्याचे कागद जपून ठेव, तक्रार करायची की नाही ते तू ठरव, असं त्यांनी सांगितल्याचं तिने नंतर सांगितलं. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ताईजवळ बसून अनारसे थापू लागल्या. धोंडा सोडा, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

"काकू, वाण कोनाले देता तुमी?"

"लेक-जावयाले."

"मंग लेक त घरातच हाये."

ताईचा हात थांबला. "एकलीले चालते?"

"माह्या मायनं मले एकलीलेच दिलतं. देवानं काई म्हटलं नाई."

ताईने पिठाचे हात धुतले. मी शास्त्राबद्दल काही सांगणार होतो, पण ते मला येत नाही हे वेळेवर आठवलं.

संध्याकाळी ताईने पाट मांडला. लेकीचे पाय धुतले. डाव्या हातात वाण कसं द्यायचं, म्हणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पहिला घास आपल्या हाताने भरवला. "जाऊ नको वं," एवढंच म्हणाली.

उरलं जावयाला कळवणं. ते सर्वानुमते माझ्या गळ्यात पडलं. भाची समोर बसली होती. मी फोनवर आर्वीचं ऊन, एसटीचे हाल असं सगळं फिरून आलो. शेवटी तोच म्हणाला, "मामाजी, उद्या किती वाजता येऊ?"

"येऊ नका. वाण देऊन झालं."

"कोनाले?"

"लेकीले."

तो मग म्हणाला, "तिले न्यायले कवा येऊ मंग?"

मी भाचीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"ती येणार नाई," मी म्हणालो. माझा आवाज तेव्हा कापला, तो मोबाईल जुना असल्यामुळे, असं मी आजही सगळ्यांना सांगतो.