यांचा सायबेरियाचा पाहुणा

नवऱ्याची चेष्टा करायची असेल तर तो जिवंत असतानाच करून घ्यावी.

मी थांबले. आणि फसले.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

भेटायला येणारे विचारतात, "काकू, काही बोलायचं राहिलं का हो त्यांच्याशी?" मी म्हणते, नाही बाई, जन्मभर बोलतच तर होते.

खोटं. एक राहिलं होतं.

बँकेतून रिटायर झाल्यावर यांनी कॅमेरा घेतला. मग काय, थंडी पडली की दर रविवारी हे आणि यांचे मित्र, दिलीप भाऊजी आणि तिवारीजी, तिघं पहाटेच उंडासा तलावावर, पक्ष्यांचे फोटो काढायला. येताना देवास गेटला पोहे, वर ढीगभर शेव. डॉक्टरने बंद केलेले.

मला कधी नेलं नाही.

"तू हसतेस फार. पक्षी उडतात."

एका रविवारी आले ते चिखलात लोळून आल्यासारखे. स्वेटर, चष्मा, मिशी, सगळं माखलेलं. आणि तोंडावर हा आनंद!

"अगं, सायबेरियाचं बदक मिळालं! पोटावर झोपून काढलाय फोटो. पायात रिंग बघ. शास्त्रज्ञ लावतात. काय मालूम कुठून कुठून आलाय बिचारा पाहुणा."

दुसऱ्या दिवशी फ्रीगंजला जाऊन हा एवढा मोठा प्रिंट काढून आणला. फ्रेम केला. हॉलमध्ये, बरोबर सोफ्याच्या वर.

मी चष्मा लावून जवळ जाऊन बघितलं.

रिंग कसली! चिंधी होती. लाल, वर काळी बुट्टी. इथल्याच भैरवगढचा छापा. आमच्या पलंगावर तशीच चादर आहे.

आता सायबेरियात भैरवगढची चादर कोण फाडायला बसलंय?

माझ्या माहेरच्या गावात शाळेमागच्या डबक्यात लोकांची बदकं असायची. आपलं कुठलं ते कळावं म्हणून बायका पायाला अशीच चिंधी बांधायच्या. हे शहरातले, यांना काय माहीत.

तेव्हाच बोलणार होते. अगदी जिभेवर आलं होतं.

पण म्हटलं, थांब. इतकी बढिया चीज अशी चहाबरोबर नाही संपवायची. यांच्या सत्तरीला सगळे जमतील, जावा, नणंदा, व्याही. तेव्हा काढू.

सत्तरी आलीच नाही.

एका सकाळी हाक मारली, उठलेच नाहीत.

परवा शनिवारी दिलीप भाऊजींचा फोन आला. "वहिनी, उद्या आमच्याबरोबर तलावावर चला. त्याच्यासाठी थोडं काही केलंय आम्ही."

गेले. पहिल्यांदा.

काठावर बघते तर ट्रायपॉडला टेकवून तोच फोटो ठेवलेला. छोटा प्रिंट. आणि त्याला झेंडूचा हार.

बदकाला हार!

तिवारीजी हात जोडून उभे. "भाभीजी, ये भाईसाहब का सबसे बढ़िया काम था. कितनी दूर से आया था ये मेहमान... कितने पहाड़ पार करके..."

त्यांचा आवाज कापायला लागला. मला वाटलं, आता तिवारीजी रडणार. मीपण पदर हातात घेतला.

इतक्यात दिलीप भाऊजींकडे नजर गेली. त्यांनी मफलर दातात धरला होता. खांदे गदागदा हलत होते.

रडणाऱ्याचे खांदे असे हलत नाहीत.

म्हटलं, "तिवारीजी, मेहमान आया कहाँ से था? भैरवगढ़ से?"

भाऊजींच्या दातातला मफलर सुटला.

"भाभीजी... आपको सच में मालूम था?"

आणि मग जे सुटलो आम्ही तिघं! तलावावरचे झाडून सगळे पक्षी उडाले. तिवारीजी डोळे पुसत ओरडताहेत, "अरे भाभीजी, अभी तो एक भी फोटो नहीं लिया था!"

मग पुढचं कळलं, जे मलापण माहीत नव्हतं.

हे चिखलात पालथे पडून फोटो काढतायत, आणि मागून एक म्हातारी आली, "आ, आ, आ" करत. सायबेरियाचं बदक पाण्यातून बाहेर, आणि डुलत डुलत निघालं तिच्यामागे घरी. म्हातारीने जाता जाता यांना विचारलं, "बाबूजी, गिर गए क्या? उठाऊँ?"

यांनी दोघांना तिथेच शपथ घातली. घरी सांगायचं नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, लपवायचंच होतं तर एवढा मोठा करून हॉलमध्ये कशाला लावला?"

दिलीप भाऊजींनी मफलर नीट गुंडाळला.

"मी पण हेच विचारलं होतं, वहिनी. तर म्हणाला, 'तिने पहिल्याच दिवशी चष्मा लावून बघितलंय. तिला कळलंय सगळं. आता मजा बघ, किती दिवस पोटात ठेवते.'"

म्हणजे हेपण थांबले होते.

संध्याकाळी चहा घेताना आधी फोटोकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी मनात म्हणायची, बघा किती भोळा माणूस आहे माझा!

हसता हसता मी कधी रडायला लागले, कळलंच नाही. ते दोघं पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. दुर्बिणीतून बघत. एकही पक्षी नव्हता तिथे.

घरी सून म्हणाली, आई, बदकाच्या जागी आता बाबांचा फोटो लावू या का? म्हटलं, बाबांचा बाजूला लाव. बदकाला हात लावायचा नाही.

तर अहो, ऐका.

ते बदक पाळीव होतं. म्हातारीचं होतं. पायात चादरीची चिंधी होती. आणि तुम्ही, एवढे बँकेचे मॅनेजर, त्याच्यासमोर लोटांगण घालून पडला होतात.

झालं. बोलले एकदाची.

उत्तर शोधून ठेवा. मी काही इतक्यात येत नाही.

नमस्कार करते.