फक्त शिंप्याला लागणारा रिव्हर्स

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. त्याआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ते बंद झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही घरी बसेल. तिने शिकवण्याचं लायसन्स काढलं आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. "इतकी वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचं ऐकलं," ती म्हणायची, "आता मी बोलते, लोक ऐकतात." शेजारच्या सीटपुढे तिने एक जादा ब्रेक बसवून घेतला होता. शिकणारा घाबरला की तोच कामाला यायचा.

मावशीला एक खोड होती. वस्तू बिघडली की ती दुरुस्त होणं पुरत नसे, का बिघडली तेही कळावं लागे. लग्नानंतर लगेचच तिने सासरची इस्त्री उघडून पलंगावर तिचे भाग मांडले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी सून बघायला गेले होते, पदरात पडला मिस्त्री." पण इस्त्री चालू झाली, आणि मग सासूबाईच शेजाऱ्यांची इस्त्री घेऊन यायला लागल्या.

तर थंडी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. बंद पडलेल्या एका गोदामामागे मोकळं पटांगण होतं, तिथे मावशी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवायची. त्या सकाळी स्टिअरिंगवर दातांची डॉक्टरीण बसली होती. तिने क्लच दाबला, रिव्हर्स टाकायला गेली आणि गाडी केकाटली. कर्रर्र!

"मी काही केलं नाही हं!" डॉक्टरीण म्हणाली.

शिकणारे सगळे असंच म्हणतात. नाचता येईना, अंगण वाकडं. मावशी हसली, तिला उतरवून स्वतः स्टिअरिंगवर बसली, क्लच अगदी तळापर्यंत दाबला आणि गिअर टाकला. कर्रर्र! अंगण खरंच वाकडं होतं.

दोन-चार दिवसांत पहिला गिअरही कुरकुरायला लागला. गाडी उभी असताना टाकायला गेलं की अडायचा, धावत्या गाडीत बाकीचे गिअर बऱ्यापैकी पडायचे. मावशी तिच्या नेहमीच्या फिटरकडे गेली. फिटर उंच, बारीक आणि कमी बोलणारा. त्याने गिअरचा दांडा हलवून पाहिला, बॉनेट उघडलं, डोकं खुपसलं, बाहेर काढलं.

"ताई, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. वय झालं गाडीचं."

"वय माझंही झालंय. म्हणून मला उतरवतोस का?" मावशी म्हणाली. "हे बघ, इंजिन बंद असलं की पाचही गिअर आणि रिव्हर्स अलगद पडतात. बॉक्समध्ये काही मोडलं असतं, तर बंद असतानाही अडलं नसतं का?"

फिटरने इंजिन बंद करून दांडा फिरवला. खरंच अलगद पडत होते.

"मग क्लच पूर्ण सुटत नाही," तो विचार करत म्हणाला. "तुम्ही पेडल दाबता, पण आत इंजिन गिअरबॉक्सला सोडतच नाही. प्लेट खराब झाली असेल. पण प्लेट बघायची तरी बॉक्स उतरवावाच लागतो."

"क्लचचं तेल बघितलंस?"

"डबी काठोकाठ भरलीय. गळत असतं तर पातळी उतरली असती ना."

या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. फिटरच्या हातात दुसरी कामं होती, त्यामुळे पुढच्या आठवड्यात बॉक्स उतरवायचा असं ठरलं. मावशी घरी आली, पण तिच्या डोक्यातून विषय जाईना. जेवताना ती मध्येच थांबून टेबलाखाली डावा पाय दाबायची. काका विचारायचे, "पायात गोळा आला का?" काका म्हणजे मावशीचे यजमान, नुकतेच निवृत्त झालेले.

शिकवणी मात्र चालू होती. दुपारी दुकान बंद ठेवायच्या वेळात एक शिंपी यायचा. पोटाने गोल, स्वभावाने भित्रा. स्टिअरिंगला असा बिलगायचा की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. मावशीच्या सगळ्या शिष्यांत तो सर्वांत कच्चा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, तिच्याकडे स्वतः गाडी चालवत जायचं एवढीच त्याची हौस.

पटांगणात मावशी म्हणाली, "रिव्हर्स टाका. आवाज येईल, घाबरू नका."

शिंप्याने गिअर टाकला. आवाज आला नाही. रिव्हर्स गपकन पडला.

मावशीला वाटलं, योगायोग. "काढा आणि परत टाका." परत गपकन पडला. तिने त्याला उतरवलं, स्वतः बसून पाहिलं. कर्रर्र! त्याला बसवलं. गपकन!

"काय केलंत तुम्ही?" मावशीने विचारलं.

शिंप्याचा चेहरा पडला. "चुकलं का मॅडम?"

"चुकलं नाही हो. बरोबर आलं. कसं आलं ते विचारतेय."

"मी काहीच नाही केलं."

"मग तेच काहीच-नाही परत करून दाखवा."

शिंप्याने ताठ बसून, श्वास रोखून, शिकवल्याबरहुकूम क्लच दाबला आणि गिअर टाकला. कर्रर्र! बिचाऱ्याला घाम फुटला. मावशीचं कुतूहल मात्र आता अनावर झालं. म्हणजे हा माणूस लक्ष देऊन करतो तेव्हा गिअर अडतो आणि लक्ष नसताना पडतो!

मग त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायला हवं होतं. "अहो," ती म्हणाली, "माझ्या ब्लाऊजच्या बाहीला खांद्यावर नेहमी चुण्या पडतात. का हो?"

शिंपी लगेच फुलला. "बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईपेक्षा जास्त ठेवला असणार. कोणी शिवला?" तो मुंढ्याबद्दल बोलत राहिला आणि मावशी मध्येच "हं, रिव्हर्स टाका, हं, काढा, मग मुंढ्याचं काय?" असं म्हणत डॅशबोर्डखाली वाकून त्याचे पाय बघत राहिली. गिअर एकदाही अडला नाही. आणि तिला दिसलं. क्लचवरचा त्याचा डावा पाय प्रत्येक वेळी दोनदा खाली जात होता. झटपट, टक-टक, शिलाई मशीनचं पायडल हलवावं तसा.

"तुम्ही क्लच दोनदा मारता!" मावशी ओरडली.

"अगं आई गं! सवय हो. मशीनची." शिंपी ओशाळला. "सोडतो मी."

"अजिबात सोडू नका. आज तरी नाही."

तिने स्वतः दोनदा दाबून पाहिलं. गिअर पडला. एकदा दाबून पाहिलं. अडला. तिने तशीच गाडी फिटरकडे वळवली. शिंप्याची दुकान उघडायची वेळ झाली होती, पण तोही उतरेना. त्यालाही आता आपल्या पायाचं काय झालं ते बघायचं होतं.

फिटरने सगळं ऐकलं, दोन्ही प्रकारे गिअर टाकून पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला.

"ताई, मग प्लेट नाही ही. पेडल दाबलं की पंपातलं तेल पुढे ढकललं जातं, ते क्लच सोडवतं. पंपातलं रबर झिजलं की पहिल्या दाबाचा जोर वाया जातो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की भरून निघतो. पण रबर झिजलं तर तेल गळणार. आणि डबी तर भरलेली होती."

"गळून जाणार कुठे?"

फिटरने ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. खालचा गालिचा ओला होता. पेडलच्या मागून एक चकचकीत ओघळ खाली आला होता. त्याने बोट लावलं, वास घेतला आणि ते मावशीपुढे धरलं. मावशीनेही वास घेतला. मग शिंप्यानेही घेतला.

"गळतंय," फिटर म्हणाला. "मग डबी भरलेली कशी?"

मावशीने घरी फोन लावला. "अहो, गाडीत तुम्ही काही ओतता का?"

"ओततो की," काकांचा आवाज खुशीत होता. "दर रविवारी. काचेचं पाणी, रेडिएटरचं पाणी आणि त्या छोट्या डबीत ते तेल. तूच म्हणतेस ना, रिटायर झाल्यापासून घरात लक्ष घालत नाही म्हणून?"

"कधीपासून कमी होत होतं ते?"

"थंडी पडली तेव्हापासून. फार नाही, थोडं थोडं."

"अहो, मग तेल जातं कुठे असं एकदा तरी वाटलं नाही?"

"तो प्रश्न तुझ्या खात्यातला," काका म्हणाले. "माझ्याकडे फक्त भरणं."

फिटर सहसा हसत नसे. त्या दिवशी तो गाडीला टेकून हसला. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला करत होतो आपण. आणि काका रोगावर रोज पांघरूण घालत होते."

"रोज नाही, रविवारी," मावशी म्हणाली. तिला राग आलाच नव्हता. सगळं कसं कशाला लागून होतं ते कळल्यामुळे ती उलट खूश होती.

फिटरने पंपाची रबरं बदलली. मग नळीतली हवा काढायची होती. तो गाडीखाली गेला, पेडलवर शिंप्याला बसवलं. "दाबा. धरून ठेवा. सोडा." शिंप्याचा पाय टक-टक करायचा आणि खालून आरोळी यायची, "एकदाच! शिवायचं नाहीये!" मग शिंप्याने उजव्या हाताने गुडघा दाबून धरला, तेव्हा कुठे काम झालं.

रिव्हर्स सगळ्यांना लागायला लागला. डॉक्टरीणबाईंना आपण निर्दोष ठरल्याचा फार आनंद झाला. शिंपी पहिल्या परीक्षेत चढावर गाडी मागे सरकल्यामुळे नापास झाला आणि दुसऱ्या खेपेला पास झाला. मावशीसाठी त्याने एक ब्लाऊज शिवून आणला. बाहीला एकही चुणी नव्हती.

एक कुरबूर मात्र राहिली. सकाळी गाडी गार असताना दुसरा गिअर टाकला की बारीक घरघर व्हायची. ती आधीही होती, मोठ्या आवाजात लपली होती इतकंच. मावशीने पुन्हा दोनदा क्लच मारून पाहिला, फरक पडला नाही. फिटरने गिअरचं तेल बदललं, घरघर निम्म्यावर आली.

"ही मात्र खरंच बॉक्सची," फिटर म्हणाला. "दुसऱ्या गिअरची पितळी कडी झिजलीय. उतरवू का?"

"गरम झाल्यावर का थांबते मग?" मावशीने विचारलं, आणि फिटरने पाना ठेवून तिच्यासाठी स्टूल ओढलं.